नाण्याला आठवण असते का?

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत कथा-कवितेबरोबर एक दिवस गणिताला द्यावा, असे आपल्या कार्यकारी मंडळाला वाटले, याबद्दल मी प्रथम त्यांचे आभार मानतो. ग्रंथालयाचा आणि गणिताचा संबंध वर्गणीच्या हिशेबापुरताच, अशी आपली समजूत असते. वस्तुतः देवघेवीच्या खिडकीमागे बसलेला ग्रंथसेवक दिवसभर गणितच करीत असतो. एक सभासद गेल्या दहा खेपांना कादंबरीच घेऊन गेले आहेत. अकराव्या खेपेला ते जिन्यावर दिसले, की या गृहस्थाचा हात आपोआप कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळतो. दुसरे एक सभासद शिस्तीचे आहेत. एकदा कादंबरी, एकदा चरित्र, पुन्हा कादंबरी, पुन्हा चरित्र. त्यांच्या दहा खेपा मोजल्या तर पाच आणि पाच भरतील आणि मोजणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. पण त्यांनी परत आणलेले पुस्तक कोणते, एवढे पाहिले की पुढचे कोणते जाणार हे शंभर टक्के सांगता येते.

दोघांच्याही नोंदवहीत दोनच खुणा आहेत, ‘कादंबरी’ आणि ‘इतर’. अशी दोनच खुणांची मालिका आपल्याला पदोपदी भेटते : छापा-काटा, पाऊस-उघाड, लघू-गुरू, मुलगा-मुलगी. तिच्यातील पुढची खूण आधी सांगता येते का, आणि येत असल्यास कशाच्या बळावर, एवढाच आजचा विषय आहे. तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही, हे शेवटी माझ्या ध्यानात आणून देण्याची गरज पडणार नाही. ते आपोआप समोर येईल.

पहिल्या सभासदासाठी ग्रंथसेवकाने मनात जो हिशेब केला, तो फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात सूत्ररूपाने मांडला. एखादी घटना ‘न’ वेळांपैकी ‘म’ वेळा घडली असेल, आणि याखेरीज आपल्याला तिच्याविषयी काहीच ठाऊक नसेल, तर ती पुढच्या वेळी घडण्याची संभाव्यता (म + १) भागिले (न + २) इतकी धरावी. म्हणजे दहापैकी दहा वेळा कादंबरी नेणाऱ्याने अकराव्या वेळी कादंबरी नेण्याची संभाव्यता अकरा बारांश. वरचा एक आणि खालचे दोन हे गणित्याच्या नम्रतेचे आकडे आहेत. मोजणीला बसण्यापूर्वी दोन्ही खुणा एकेकदा पाहिल्या आहेत, असे समजून चालायचे. त्यामुळे कितीही मोजले तरी उत्तर पूर्ण एक किंवा पूर्ण शून्य होत नाही. लाप्लासने हे सूत्र सूर्योदयालाही लावले. पाच हजार वर्षांचे म्हणजे १८,२६,२१३ दिवस सूर्य नेमाने उगवला असेल, तर उद्या तो उगवण्याच्या बाजूने १८,२६,२१४ ला एक अशी पैज लावता येते. यावरून त्याची पुष्कळ थट्टा झाली. पण थट्टा करणारे त्याचे पुढचे वाक्य वाचीत नाहीत. ज्याला दिवस-रात्रीचे कारण ठाऊक आहे, त्याची खात्री याहून किती तरी मोठी असेल, असे त्याने तेथेच सांगून ठेवले आहे. सूत्र हे अज्ञानाच्या वेळचे साधन आहे. कारण कळले की सूत्र बाजूला ठेवावे.

आता दुसऱ्या सभासदाकडे वळू. येथे लाप्लासचे सूत्र सहा बारांश, म्हणजे निम्मे, एवढेच सांगते आणि गप्प बसते. येथे ‘किती वेळा’ हा प्रश्नच चुकीचा आहे; ‘कशाच्या मागून’ हा खरा प्रश्न. आणि या प्रश्नाचे फार सुंदर उदाहरण आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत तोंडपाठ केलेले आहे : यमाताराजभानसलगं.

वृत्तांचे गण लक्षात राहावेत म्हणून रचलेले हे दहा अक्षरांचे सूत्र. लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘ग’ म्हटले तर ते असे होते : ल ग ग ग ल ग ल ल ल ग. यातील कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घ्या. य-मा-ता घेतली की ‘य’ गण, मा-ता-रा घेतली की ‘म’ गण, असे करीत स-ल-गं पर्यंत आठही गण बरोबर एकेकदा येतात; एकही सुटत नाही, एकही दुसऱ्यांदा येत नाही. पाठांतराची सोय म्हणून आपण हे शिकलो. त्यातली कारागिरी बहुधा कुणी दाखवून दिली नाही.

समजा, हे सूत्र न ऐकलेल्या माणसासमोर मी एकेक अक्षर उच्चारतो आणि पुढचे लघू की गुरू हे ओळखायला सांगतो. तो नुसती मोजणी करील तर पाच लघू, पाच गुरू. काही कळत नाही. मागचे एक अक्षर पाहील तर गुरूच्या मागून दोनदा गुरू येतो, दोनदा लघू. लघूच्या मागून तीनदा गुरू, दोनदा लघू. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मागची दोन पाहील तर गंमत अशी, की ‘ल ग’ या जोडीमागून एकदा गुरू आणि एकदा लघू. ‘ग ग’ च्या मागून तसेच. ‘ग ल’ आणि ‘ल ल’ यांच्याही मागून तसेच. अगदी काट्याच्या तोलाने निम्मे-निम्मे. या पायरीवर तो शपथेवर सांगेल की हे नाणेफेकीचे निकाल आहेत. आणि मागची तीन पाहू लागला, की प्रत्येक त्रिक एकदाच आल्यामुळे त्याच्या पुढचे अक्षर पक्के ठरलेले दिसेल.

येथे थोडे थांबले पाहिजे. या शेवटच्या पायरीवर त्याला खरोखर नियम सापडला काय? मुळीच नाही. दहाच अक्षरांत तीन-तीन मागे पाहू लागले की बहुतेक त्रिके एकदाच भेटतात, आणि एकदाच भेटलेल्या गोष्टीच्या मागून काय येते हे नेहमीच ‘पक्के’ दिसते. सूत्र आपल्याला येते ते पाठ केल्यामुळे, मोजल्यामुळे नव्हे. याउलट ‘मनाचे श्लोक’ घ्या. ते भुजंगप्रयातात आहेत. ल ग ग हे त्रिक प्रत्येक चरणात चार वेळा. दोन गुरूंच्या मागून लघू येतो, हे तेथे दोनशे पाच श्लोकांच्या प्रत्येक चरणात पुन्हा पुन्हा पडताळून पाहता येते. मागे किती पाहावे याला मर्यादा असते; ती मर्यादा आपल्याजवळ मोजायला किती आहे यावर ठरते. मटक्याचा आकडा लावणाऱ्यांच्या खिशात जी वही असते, तिच्यात बारीक अक्षरांत मांडलेली त्रिकेच असतात. ‘मंगळवारी अमुक आला, बुधवारी तमुक आला, की गुरुवारी हा येतोच.’ असा योग वहीत एकदा किंवा दोनदा आलेला असतो.

पुष्कळ मोजून, मागे मात्र एकच पाऊल पाहण्याचा मोठा प्रयोग रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी केला, आणि तो कवितेवरच केला. जानेवारी १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी तो सादर केला. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य-कादंबरीचा पहिला अध्याय आणि दुसऱ्यातील सोळा कडवी, एकंदर २०,००० अक्षरे त्यांनी हाताने मोजली आणि प्रत्येक अक्षर स्वर आहे की व्यंजन एवढेच टिपले. स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजने ११,३६२. ज्याने फक्त एवढेच पाहिले तो प्रत्येक वेळी ‘व्यंजन’ म्हणेल आणि शंभरात सुमारे सत्तावन्न वेळा बरोबर ठरेल. पण मार्कोव्ह यांनी जोड्याही मोजल्या. स्वरामागून लगेच स्वर असे फक्त १,१०४ वेळा आले. म्हणजे स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची संभाव्यता शंभरात तेरा, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची शंभरात सहासष्ट. आता स्वर दिसला की ‘व्यंजन’ म्हणावे आणि व्यंजन दिसले की ‘स्वर’ म्हणावे. शंभरातली पंचाहत्तर उत्तरे बरोबर येतात. पुश्किनची प्रतिभा, ओनेगिनची उदासीनता, यांतले काहीही न कळता, केवळ मागच्या एका अक्षराकडे पाहून सत्तावन्नाचे पंचाहत्तर झाले.

या कष्टांमागे एक वादही होता. मॉस्कोचे गणिती नेक्रासोव्ह यांचे म्हणणे असे, की मोठ्या संख्येत सरासऱ्या स्थिर राहतात त्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. आणि समाजाच्या आकडेवारीत सरासऱ्या स्थिर दिसतात, त्याअर्थी माणसाची इच्छा स्वतंत्र आहे. मार्कोव्ह यांना गणिताची अशी धर्मशास्त्राशी लावलेली मोट मुळीच पसंत नव्हती. एकमेकांना बांधलेल्या घटनांतही सरासरी स्थिर राहू शकते हे त्यांनी सिद्ध केले, आणि पुश्किनची अक्षरे साक्षीला उभी केली. मराठीत अशी मोजणी ओवी आणि अभंग यांच्यावर करून पाहण्याजोगी आहे. येथे बसलेल्या एखाद्या तरुण सभासदाने मनावर घेतल्यास ग्रंथालयाने त्याला एक टेबल आणि सहा महिने द्यावेत.

भाषेला आठवण असते. नाण्याला नसते. हे वाक्य सोपे आहे, पण ते मनात उतरत नाही. त्याच १९१३ सालचा माँटे कार्लो येथील द्यूतगृहातला प्रसंग प्रसिद्ध आहे. १८ ऑगस्टच्या रात्री रूलेटच्या चक्रावर गोळी लागोपाठ सव्वीस वेळा काळ्या घरात पडली. दहा-पंधरा वेळा काळे आल्यावर लोक लाल रंगावर तुटून पडले, प्रत्येक खेपेस पैज वाढवीत, कारण ‘आता लाल यायलाच हवे’. चक्रावर सदतीस घरे, त्यांत अठरा काळी. पहिल्या खेपेस काळे येण्याची संभाव्यता सदतिसांत अठरा होती, सव्विसाव्या खेपेसही तेवढीच. रात्र संपेपर्यंत द्यूतगृहाची तिजोरी भरली.

मग प्रश्न उरतो तो माणसाचा. माणूस नाण्यासारखा वागू शकतो का? लहानपणी आपण सर्वांनी एकी-बेकी खेळलेली आहे. मुठीत चिंचोके घ्यायचे आणि समोरच्याने एकी की बेकी हे सांगायचे. एडगर अॅलन पो याच्या ‘द परलॉइन्ड लेटर’ या कथेत असाच खेळ खेळून शाळेतल्या सगळ्या मुलांच्या गोट्या जिंकणारा एक मुलगा आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेव्हिड हेगेलबार्गर यांनी हा खेळ खेळणारे यंत्र बनविले, आणि १९५३ मध्ये क्लॉड शॅनन यांनी त्याची साधी आवृत्ती केली. दोन पर्यायांपैकी माणूस कोणता निवडणार हे यंत्राने आधी ठरवायचे. बरोबर निघाले की यंत्राचा डाव. शॅनन यांच्या यंत्राला आठवण फार थोडी होती. समोरचा मागचा डाव जिंकला की हरला, त्यानंतर त्याने आपली निवड बदलली की तीच ठेवली, आणि मग तो जिंकला की हरला, अशा आठ परिस्थिती ते ओळखत असे. तशाच परिस्थितीत मागच्या दोन्ही वेळा तो एकसारखा वागला असेल तर ‘याही वेळी तसाच वागेल’ असे ते धरीत असे. नसेल तर अंदाजपंचे खेळत असे. एवढ्यावर ते माणसांना हरवीत असे. हेगेलबार्गर यांच्या यंत्राने नऊ हजारांहून अधिक डाव खेळून शंभरात सुमारे त्रेपन्न जिंकले. पुढे दोन यंत्रे समोरासमोर बसविली, तेव्हा शॅनन यांचे साधे यंत्र सरस ठरले.

या यंत्राला हरविता येत नाही असे नव्हे. खिशात नाणे ठेवून गुपचूप उडवावे आणि त्याप्रमाणे निवड करावी. मग जगातले कोणतेही यंत्र निम्म्याच्या फारसे पुढे जाणार नाही. पण स्वतःच्या मनाने ‘कसाही’ खेळू पाहणारा माणूस हरल्यावर बदलतो, जिंकल्यावर चिकटतो, लागोपाठ चार एकी झाल्या की पाचवी टाळतो. आपण नियमाने वागत नाही, हेच दाखविण्याच्या धडपडीत त्याचा नियम उघडा पडतो.

आतापर्यंत आठवण असलेल्या मालिका आणि नसलेल्या मालिका आपण पाहिल्या. आता ज्या मालिकेसाठी हा सारा खटाटोप केला तिच्याकडे येतो. ती म्हणजे घराघरांतील मुलगा-मुलगी.

तीन मुली झालेल्या घरी दोन प्रकारच्या म्हाताऱ्या भेटतात. एक म्हणते, ‘आता मुलगाच व्हायला हवा.’ दुसरी म्हणते, ‘हिच्या पोटी मुलीच.’ पहिली माँटे कार्लोच्या टेबलाशी उभी आहे. दुसरीने नकळत लाप्लासचे सूत्र लावले आहे. तीनपैकी तीन मुली, म्हणून चौथीची संभाव्यता चार पंचमांश. दुसरीला आपण विचारू : सूत्र आहे ते काहीच ठाऊक नसलेल्यासाठी, जन्मांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही काय? खुद्द लाप्लासनेच पॅरिसमधल्या १७४५ ते १७७० या काळातील नोंदी घेतल्या : २,५१,५२७ मुलगे, २,४१,९४५ मुली. त्याच्या आधी जॉन आर्बथनॉट या स्कॉटिश वैद्याने लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या नोंदी १७१० पर्यंत तपासल्या होत्या; प्रत्येक वर्षी मुलगे किंचित अधिक. निसर्गाचे नाणे मुलग्याकडे थोडेसे झुकलेले आहे. शंभर मुलींमागे सुमारे एकशे पाच मुलगे, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. एका घरातल्या तीन जन्मांपेक्षा या लाखांच्या मोजणीचे वजन कितीतरी अधिक.

आणि पहिल्या म्हातारीचे काय? या नाण्याला मागची आठवण असते का? जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात १८७६ ते १८८५ या काळातील जन्मनोंदींवरून गाइस्लर यांनी केलेली मोजणी उपलब्ध आहे. तीत बारा-बारा अपत्यांची ६,११५ कुटुंबे आहेत. त्यांपैकी बाराही मुलगे असलेली सात, आणि बाराही मुली असलेली तीन. आठवण नसलेले नाणे उडविले असते तर अशी कुटुंबे अनुक्रमे दोन-तीन आणि एक निघाली असती. म्हणजे काही घरांचा कल अगदी थोडा एका बाजूला असावा. पण तो कल ‘आता बदल होईल’ या समजुतीच्या उलट दिशेचा आहे, आणि इतका बारीक की सहा हजार मोठी कुटुंबे मोजल्यावाचून दिसत नाही. मुलींनंतर मुलगा होणे अधिक संभवनीय ठरावे, अशी कोणतीही खूण निसर्गाच्या हिशेबात नाही. लाप्लासने आपल्या १८१४ च्या निबंधात अशा पित्यांची नोंद केली आहे, ज्यांना मुलाची फार इच्छा असे, आणि त्या महिन्यात गावात दुसरीकडे मुलगे जन्मले की जे अस्वस्थ होत. जणू मुलग्यांचा साठा संपत चालला आहे.

ही झाली पॅरिसची भोळी समजूत. तिने कुणाचा जीव घेतला नाही. आपल्याकडे १९७० नंतर गर्भजलपरीक्षा आली, १९८० नंतर सोनोग्राफी पसरली, आणि समजुतीच्या हाती हत्यार आले. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये सर्वांआधी केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरीही महाराष्ट्राच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. हे एकंदरीचे आकडे झाले. लाप्लासच्या पद्धतीची नुसती मोजणी. मार्कोव्ह यांच्या पद्धतीची, म्हणजे मागचे अपत्य पाहून पुढचे मोजण्याची पाहणीही झालेली आहे. महानिबंधक कार्यालयाने १९९८ मध्ये देशभरातील अकरा लाख घरांची पाहणी केली. तिच्यातील १९९७ सालच्या १,३३,७३८ जन्मांचा अभ्यास डॉ. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्यांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली ७५९. पहिल्या दोन्ही मुली असलेल्या घरांत तिसऱ्या अपत्यांमध्ये ७१९. आधी मुलगे झालेल्या घरांत मात्र मुलींची अशी घट नव्हती.

निसर्गाच्या ज्या मालिकेला आठवण नव्हती, तिच्यात ही आठवण कुठून आली? गर्भाला आपल्या थोरल्या बहिणींची संख्या ठाऊक नसते. ती आईबापांना, आजी-आजोबांना आणि सोनोग्राफीच्या खोलीत बसलेल्या डॉक्टरला ठाऊक असते. येथे आकड्यांनी जी आठवण पकडली ती माणसांची. ‘दोन मुली झाल्या, आता मुलगाच’ असे म्हणणारी म्हातारी नाण्याच्या नियमाने शंभरात एक्कावन्न वेळा बरोबर ठरली असती. या पाहणीत ती अठ्ठावन्न वेळा बरोबर ठरते. तिचे भाकीत सुधारले नाही. ते खरे करून घेण्यात आले.

त्याच अभ्यासात मातांच्या शिक्षणानुसारही वर्गवारी आहे. पहिली मुलगी असलेल्या निरक्षर मातांच्या दुसऱ्या अपत्यांत हजार मुलग्यांमागे मुली ८६९. दहावी वा त्याहून अधिक शिकलेल्या मातांत ६८३. ज्या घरांत पुस्तके येतात, ज्या घरांतून ग्रंथालयांना सभासद मिळतात, ती घरे या दुसऱ्या आकड्यात आहेत. त्या घरांत पहिली मुलगी पाहून ‘पुढचा मुलगाच’ असे कुणीही डोळे मिटून म्हणावे. शंभरात एकोणसाठ वेळा ते खरे निघते.